खोक्यावर नसलेली तारीख

कोरेगाव तालुक्यात पावणेदोन एकर जिरायत जमिनीवर वाघ्या घेवडा घेणाऱ्या माझ्या थोरल्या मामेभावाने, आडत्याकडून आलेल्या पट्टीतून खताची उधारी, सोसायटीचा हप्ता आणि घरातील बेगमी अशा क्रमाने वजाबाकी करीत जाता अखेर हाती शिल्लक राहिलेले दहा हजार रुपये बंडीच्या आतल्या खिशात घातले आणि मला बोलावून घेऊन “मोबाईल घ्यायचाय, तू चल” एवढेच सांगितले. या खर्चात हौसेचा भाग नव्हता. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचा उपक्रम सुरू केल्यापासून, पूर्वी तलाठ्याच्या दफ्तरात होणारी पिकाची नोंद खातेदाराने स्वतः आपल्या गटात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून सातबाऱ्यावर चढवावी अशी तजवीज झाली आहे. ती दुसऱ्याच्या फोनवरूनही करता येते, आणि आमच्या दादाचे काम इतकी वर्षे पुतण्याच्या फोनवर भागत होते. परंतु पुतण्या आता चाकणच्या कारखान्यात लागला, आणि रब्बीची ज्वारी काही त्याच्या सुट्टीची वाट पाहत थांबणार नव्हती.

दुकानात शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच ध्यानात आले, की ग्राहकाने घरून निश्चित करून आणलेली रक्कम अनिश्चित करणे हाच या व्यापाराचा सर्वांत परिणत असा कलाविभाग आहे. काउंटरमागचा मुलगा अदबशीर होता, चलाखही होता. “काका, अजून पंधराशे टाका, फाइव्ह जी येतोय,” तो म्हणाला. दादाने खिशावर हात ठेवून उत्तर दिले, “घेवडा काढून झालाय बाबा. आता न्हाय वाढायचा.”

त्या पंधराशेंवरून एक विषयांतर करण्याचा मोह मला आवरत नाही. १ एप्रिल २०२० पासून भ्रमणध्वनीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणजे दहा हजारांच्या सर्व करांसह किमतीत सुमारे सव्वापंधराशे रुपये सरकारी खजिन्याचे असतात. ज्या पिकाची नोंद यंत्राखेरीज आपल्या हाताने करता येऊ नये अशी व्यवस्था शासनाने करावी, आणि त्या यंत्रात शेतकऱ्याला जेवढी रक्कम कमी पडते तेवढीच करापोटी वसूल व्हावी, हा योगायोग अर्थशास्त्राच्या पुस्तकात मावणार नाही, पण दुकानाच्या काउंटरवर चांगला दिसतो. त्या मुलाने मग बिनव्याजी हप्त्यांची शिफारस केली. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मधील एका परिपत्रकात बँकांना बजावले होते. व्याज कोठे सवलतीच्या पोटात लपते, कोठे प्रक्रिया-शुल्काचे नाव धारण करते, एवढाच काय तो फरक. फाइव्ह जीचा मोहही असाच पारखून घ्यावा, कारण अल्प किमतीच्या काही संचांत ही सोय एका कंपनीच्या जाळ्यावर चालते आणि दुसरीच्या जाळ्यावर चालत नाही, ही गोष्ट खोक्यावरच्या ठळक अक्षरांत कधी येत नाही.

पुढे जो प्रसंग घडला तो कोणत्याही तुलनातक्त्यात नोंदलेला नसतो. मुलाने तीन संच काढून त्यांतला एक पुढे केला आणि दादाने त्याच्या काचेवर अंगठा टेकवला. काही हलले नाही. त्याने पुन्हा, जरा जोर देऊन टेकवला, तरीही काच निश्चल. चाळीस वर्षे कुळवाच्या रुमण्यावर आणि विळ्याच्या मुठीवर राहिलेल्या त्या अंगठ्याला पिंपळाच्या सालीसारखे घट्टे पडले आहेत; आणि ही काच दाबाने चालत नाही, बोटाच्या स्पर्शाने तिच्या पृष्ठभागावरील विद्युत्भारात जो सूक्ष्म फेर पडतो त्यावर चालते, त्यामुळे कोरडी, जाड, मृत त्वचा तिच्या लेखी बोटच नव्हे. मुलगा ओशाळला. दादाने मात्र नोटा मोजताना करतात तसा अंगठा जिभेला लावला, पुन्हा टेकवला, आणि पडदा सरकन उलगडला. मागोमाग त्याने तीनही संच एकामागून एक कोरड्या तर्जनीने चालवून पाहिले, उंबऱ्यापर्यंत जाऊन उन्हात धरून पाहिले, आणि उन्हात ज्याची अक्षरे दिसेनात तो पहिल्या फेरीतच नामंजूर केला. महाजालावरील परीक्षणांत तासन्‌तास घालवणाऱ्या मला ही परीक्षा सुचली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

उरलेल्या दोहोंपैकी सवलतीतल्या एकाच्या खोक्यावर स्मृतीचा आकडा ८ जीबी असा दिमाखाने छापलेला होता आणि त्याच्या शेजारी मुंगीएवढे तारकाचिन्ह होते. त्या चिन्हाचा माग काढीत खोक्याच्या बुडाशी गेल्यावर उलगडा झाला, की खरी स्मृती ४ जीबीच असून बाकीची चार साठवणुकीच्या जागेतून उसनी घेतलेली आहे. ही उसनवारीची स्मृती खऱ्या स्मृतीच्या मानाने फार मंद असते. बाहेरून आणून बसवलेल्या खुर्च्यांना घरच्याच खुर्च्या म्हणून मोजण्याचाच हा प्रकार. पाठीमागे तीन कॅमेऱ्यांची भिंगे दिसत होती, त्यांतले कामाचे एकच. अशा आकड्यांपासून ग्राहकाचे रक्षण थोड्याशा चौकसपणाने होऊ शकते, म्हणून मी त्यांवर फार संतापत नाही.

माझी तक्रार आहे ती जो आकडा छापलेलाच नव्हता त्याविषयी. खोके हातात उलटसुलट फिरवता फिरवता दादाने विचारले, “बियाण्याच्या पिशवीवर मुदत असतीया. ह्याच्यावर कुठंय?”

प्रश्न बिनतोड होता. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार त्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठीचा दूरध्वनी क्रमांक एवढा तपशील यथास्थित होता. परंतु यंत्रातील आज्ञावलीचे दोष दूर करणाऱ्या सुरक्षा-सुधारणा, ज्यांना आपण सारेच अपडेट म्हणतो, त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील याविषयी एक अक्षर नव्हते. अपडेट थांबले म्हणून यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. त्याने छायाचित्र निघते, घंटी वाजते, आणि ज्या फोनमधून यूपीआयने खतवाल्याचे पैसे चुकते होतात त्या फोनच्या भिंतीला पडलेली भगदाडे बुजवणारा मात्र कोणी उरत नाही. पुढे एकेक उपयोगही गळू लागतो: १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या ५.० पूर्वीच्या आवृत्त्यांवर व्हॉट्सॲप चालेनासे झाले, तेव्हा ते संच एरवी धडधाकट होते. शिवाय ही मुदत पुष्कळदा संच बाजारात प्रथम आला त्या दिवसापासून मोजली जाते, आपण तो विकत घेतला त्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे दोन वर्षांच्या वचनाचा संच दीड वर्षाने सणाच्या सवलतीत स्वस्त मिळाला, तर ती सवलत म्हणजे संपत आलेल्या मुदतीचेच दुसरे नाव. दहा हजारांचा फोन दोन वर्षे सुरक्षित राहिला तर वर्षाला पाच हजार पडतात आणि चार वर्षे राहिला तर अडीच. हा भागाकार ज्या भाजकावाचून करता येत नाही तोच भाजक आपल्याकडे खोक्यावर छापण्याची सक्ती नाही.

अन्यत्र हे घडले आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा-सुधारणांची किमान मुदत जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. युरोपीय संघाच्या २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी तर, संचाची विक्री थांबल्यापासून किमान ५ वर्षे अद्यतने विनामूल्य उपलब्ध ठेवण्याची आणि सुटे भाग ७ वर्षे पुरवण्याची शर्त घातली. आपल्याकडे सॅमसंगसारख्या कंपनीने २०२४ च्या अखेरीस आणलेल्या गॅलेक्सी ए१६ ला सहा वर्षांच्या सुरक्षा-सुधारणांचे वचन आपण होऊन दिले. पण तो संच दादाच्या खिशाबाहेरचा, आणि प्रश्न नेमका खिशाच्या आतल्या संचांचा आहे.

स्वस्त संचात नफा बेताचा असतो, तेव्हा दीर्घ मुदतीची हमी उत्पादकाला परवडायची कशी, असा आक्षेप येईल. नफा बेताचा असतो हे मला मान्य आहे. शाओमीने तर २०१८ साली यंत्रांवरील निव्वळ नफा ५ टक्क्यांवर जाऊ न देण्याचा ठरावच केला होता, आणि उरलेली कमाई जाहिराती व इतर सेवांतून होत असते. परंतु माझी मागणी हमी वाढवण्याची नाहीच. दोन वर्षे देणार असाल तर दोनच द्या, अठरा महिने देणार असाल तर अठरा. मात्र ती अखेरची तारीख महिना-वर्षासह, कमाल किरकोळ किमतीच्या शेजारी, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत छापा. यासाठी नवा कायदा नको, असलेल्या नियमांत एका ओळीची भर पुरे. आणि छापखान्याचा खर्च म्हणाल तर तारकाचिन्हाला जी शाई लागते तितकीच. ज्याची रक्कम लवचीक आहे त्याला चुकलेली निवड पुढल्या वर्षी दुरुस्त करता येते. ज्याच्या रकमेत पुढल्या घेवड्यापर्यंत भर पडणार नाही, त्याच्यासाठी ही ओळ आहे.

आम्ही त्या मुलाला तारीख विचारली तेव्हा “येत राहतात की काका, वायफायला लावा फक्त” असे त्याचे उत्तर आले. पण मग त्यालाही कुतूहल वाटले असावे. त्याने स्वतःच्या फोनवर कंपनीचे संकेतस्थळ उघडले, तीन पानांच्या आत दडलेला तक्ता हुडकला, आणि सवलतीतल्या संचाला जेमतेम सात महिने उरले असल्याचे पाहून तो संच, मालकाकडे एकवार नजर टाकीत, हलकेच बाजूला सारला. राहिला तो साधा चार जीबीचा, दोन भिंगांचा, राखी पाठीचा. त्याला चार वर्षांची मुदत होती. काच आणि कव्हर धरून नऊ हजार आठशे झाले. दादाने नोटा दोनदा मोजून दिल्या, मुलाच्या कानावरचे बॉलपेन मागून घेतले, आणि तक्त्यातली तारीख स्वतःच्या हाताने, बियाण्याच्या पिशवीवर लिहितो तशी ठसठशीत, खोक्यावर किमतीच्या खाली लिहून काढली. तेवढी जागा तिथे कोरीच होती.