सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची?

नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीअखेरीस कोल्हापुरात मावळतीची किरणे अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरतात. ती चरणांपासून मुखापर्यंत चढली की अनेक भाविक हा देवीच्या अस्तित्वाचा प्रत्यक्ष पुरावा मानतात. काही वर्षी किरणे वाटेतच अडतात. त्या वेळी मात्र देवीच्या अस्तित्वाविषयी कोणी शंका घेत नाही. ढगांना, धुळीला आणि वाटेत उभ्या राहिलेल्या इमारतींना दोष दिला जातो, अडथळे हटवण्याची मागणी होते. ती मागणी रास्तच आहे, कारण हा सोहळा सूर्याची गती जाणणाऱ्या कारागिरांच्या बुद्धीचा आहे. परंतु किरण पोहोचला तर देव सिद्ध आणि अडला तर इमारत दोषी, असा जो पुरावा कधीच हरू शकत नाही, तो पुरावा नव्हे.

एवढे म्हणताच प्रतिप्रश्न ठरलेला असतो : “मग देव नाही, हे तुम्हीच सिद्ध करा!” येथेच खरी मेख आहे. पुरावा मागणे हे पाश्चात्त्य खूळ आहे, असा कांगावा करणाऱ्यांनी आपल्याच दर्शनांकडे पाहावे. वेद प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनीही जगत्कर्ता ईश्वर नाकारला. अशा सर्व आक्षेपांना उत्तर म्हणून उदयनाचार्यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ ईश्वरसिद्धीसाठी रचला. त्यांचे युक्तिवाद मान्य होवोत वा न होवोत, विधान करणाऱ्याने प्रमाण द्यावे हा दंडक त्यांनी टाळला नाही. त्यांचा वारसा सांगणारे आज तो टाळतात.

हाच दंडक न्यायालयात सर्वांना हवासा वाटतो. 2013 साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. 10 मे 2024 रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची मुक्तता केली. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते; निर्दोषत्व सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर लादले जात नाही. पुरावा मागत आयुष्य वेचलेल्या माणसाच्या खुनाच्या खटल्यातही हे तत्त्व पाळले गेले, हे योग्यच झाले. मग तेच तत्त्व देवाच्या दारात का थांबावे?

“श्रद्धा ही खाजगी बाब आहे,” असे यावर सांगितले जाते. घरातल्या देव्हाऱ्यापुरते ते मान्य करता येईल. दाभोलकरांनीही देव न मानण्याची अट चळवळीला घातली नव्हती. देवाची कल्पनाच सोडा, असे सांगणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंशी त्यांचा जाहीर वाद-संवाद गावोगाव रंगत असे. परंतु देवाच्या नावाने कोणी हक्क, दक्षिणा किंवा वरचढपणा वसूल करू लागला, की ती बाब खाजगी राहत नाही.

कोल्हापूरला हे नव्याने शिकवायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाहू छत्रपतींना वेदोक्ताचा अधिकार नाकारण्यात आला. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, हे सनातन्यांचे विधान. त्याला पुरावा त्यांनी द्यायचा नव्हता, क्षत्रियत्व मात्र महाराजांनी सिद्ध करायचे होते! राजाची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाला कोण विचारणार? महाराजांनी 1902 मध्ये राजोपाध्यांचे इनाम जप्त केले आणि सिद्ध करण्याचे ओझे मूळ दावेदाराच्या पदरात परत टाकले.

याच शहरात 16 फेब्रुवारी 2015 रोजी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. शिवाजी कोण होता, हा प्रश्न त्यांनी पुराव्यानिशी मांडला होता. त्याचा प्रतिवाद पुराव्यानेच करता आला असता. गोळीने माणूस मरतो. दावा मात्र त्याने सिद्ध होत नाही, आणि पुरावा मागण्याचा शोषितांचा हक्कही त्याने संपत नाही.