भीमगीतांच्या मंचासमोर बसलेल्या माणसाची किंमत किती?

आमच्या वस्तीत दरवर्षी जयंतीच्या आठवड्यात मोकळ्या मैदानावर भीमगीतांचा मोठा कार्यक्रम होतो. मी त्या समितीत आहे. त्यामुळे हा लेख बाहेर उभं राहून कुणाकडे बोट दाखवण्यासाठी नाही. यातला पहिला दोषी मीच आहे.

एका वर्षी पत्रिकेवर वेळ छापली होती संध्याकाळी पाचची. पुढची जागा मिळावी म्हणून बायाबापड्या साडेतीनपासूनच येऊन बसल्या. मैदानावर सावली नव्हती, मंडप फक्त मंचावर होता. प्रमुख पाहुणे आले साडेआठला. साडेसहाच्या सुमारास चौथ्या रांगेतली एक आजी बसल्या जागी कलंडली. पाणी कुणाकडे आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. एका पोरानं रिक्षा आणली, पण मैदानात येणाऱ्या एकमेव रस्त्यावर साउंडचा ट्रक आडवा उभा होता. रस्ता मोकळा करा, असं माईकवरून सांगायला मी मंचाकडे धावलो, तर आमच्याच एका पदाधिकाऱ्यानं हात धरला आणि म्हणाला, "थांब, एवढा सत्कार होऊ दे."

आजी वाचली. पोरांनी तिला उचलून नाक्यापर्यंत नेलं म्हणून वाचली. आठ दिवसांनी हिशोबाची बैठक झाली. बॅनरवर कुणाचा फोटो लहान आला, यावर दोन तास भांडण चाललं. आजीचा विषय कुणीच काढला नाही. मीही नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आपल्या माणसाच्या जिवाला ही व्यवस्था किंमत देत नाही, असं आपण मंचावरून रोज सांगतो. मग त्याच मंचासमोर बसलेल्या माणसाच्या जिवाला आपण किती किंमत देतो?

महाडला पहिला खर्च पाण्यावर झाला

कुणी म्हणेल, पाणी, संडास, अॅम्ब्युलन्स ही इव्हेंटवाल्यांची भाषा आहे, चळवळीची नाही. त्यानं महाडचा इतिहास पुन्हा वाचावा. मार्च १९२७ च्या परिषदेत जमलेल्या लोकांना पिण्याचं पाणी मिळावं म्हणून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. गावात तळं असून! डिसेंबर १९२७ च्या परिषदेला कुणी सवर्ण जागा देईना, ती मिळाली एका मुस्लिम मालकाकडून. महाडचे व्यापारी माल देणार नाहीत, हे ओळखून धान्याची तजवीज आधीच बाहेरून केली होती. हजारो माणसं बोलवायची, तर ती काय खातील, काय पितील, कुठे झोपतील, याचा विचार त्या कार्यकर्त्यांनी आधी केला आणि भाषणांचा नंतर.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळताना बाबासाहेबांनी कामाचे तास, खाणीतल्या स्त्रियांचं बाळंतपण, कोळसा खाण कामगारांचं कल्याण अशा प्रश्नांवर कायदे घडवले. कष्टकऱ्याच्या शरीराची काळजी हा त्यांच्या दृष्टीनं दयेचा नाही, हक्काचा विषय होता. आपण त्यांची जयंती साजरी करतो आणि त्यांच्याच लेकरांना तीन-चार तास उन्हात तापवतो. हे कुठल्या विचारात बसतं?

"नियम फक्त आपल्यालाच का?"

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. परवानगीचा अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या कार्यकर्त्याला विचारा. दुसऱ्यांच्या मिरवणुकीला मध्यरात्रीपर्यंत सूट आणि आपल्या कार्यक्रमाला दहाच्या ठोक्याला वायर काढायची धमकी, हा अनुभव अनेक वस्त्यांचा आहे.

पण या भेदभावाशी लढायचा मार्ग कोणता? ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवता येते. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचं शंभर मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होतं. हे नियम सगळ्यांना सारखे आहेत. म्हणून अर्ज लेखी करा, पोचपावती घ्या, नकार दिला तर तो लेखी मागा. वर्षभरात कुणाकुणाला कोणत्या अटींवर परवानगी दिली, याची यादी माहितीच्या अधिकारात काढा. भेदभाव कागदावर पकडा आणि तिथे लढा.

पण त्यांना सूट मिळते म्हणून आपणही आपल्या पोरांचे कान फोडू, ही समता नव्हे. त्यांच्या बेपर्वाईची बरोबरी करणं हे आपलं ध्येय कधीपासून झालं? पोलिसांची परवानगी हा एक विषय आहे आणि आपल्या माणसाचा जीव हा दुसरा. पोलीस आले नसते, तरी आपल्याला ही व्यवस्था करायलाच हवी होती.

माणूस मरतो तो कशानं?

पहिलं कारण ऊन. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा झाला. मंचावर छप्पर होतं, समोर बसलेल्या लाखो लोकांच्या डोक्यावर नव्हतं. चौदा माणसं गेली. आपण तेव्हा सरकारला जाब विचारला आणि बरोबरच विचारला. पण आपली जयंती त्याच्या दोनच दिवस आधी असते, त्याच महिन्यात, त्याच उन्हात. विदर्भ-मराठवाड्यात तर पारा त्याहून चढा असतो. मग आपल्या मैदानावर छप्पर कुणाच्या डोक्यावर असतं?

उपाय महाग नाहीत. कार्यक्रम सूर्य कलल्यावर सुरू करा आणि पत्रिकेवर खरी वेळ छापा. पाहुणे उशिरा आले, तर त्यांच्याविना सुरू करा. म्हातारे, गरोदर बाया, लहान पोरं यांच्यासाठी तरी कनात घाला. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती नसतील, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

दुसरं कारण गर्दी. "लोक बेभान पळाले म्हणून चेंगराचेंगरी झाली," हे नेहमीचं वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं. माणसं बहुधा उभ्या जागी दाबली जाऊन, छाती फुगवता न आल्यानं गुदमरून मरतात. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की माणूस स्वतःच्या पायानं हलत नाही, गर्दी त्याला हलवते. कोचीच्या विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ ला संगीताचा कार्यक्रम होता. पाऊस आला, बाहेरची मुलं खुल्या प्रेक्षागृहाच्या दाराकडे लोटली, आत उतरत्या पायऱ्या होत्या. चार जण गेले. दोष पोरांचा नव्हता, दाराचा आणि नियोजनाचा होता.

म्हणून मैदान मोजा. मंच, ट्रक, स्टॉल वजा करून जी जागा उरते, तिथे उभ्या माणसाला निदान अर्धा चौरस मीटर धरा. हजार चौरस मीटर उरले, तर दोन हजार माणसं, त्याहून जास्त नाहीत. बाहेर पडायला निदान दोन रुंद वाटा ठेवा आणि अॅम्ब्युलन्सची वाट वेगळी. त्या वाटेवर साउंडचा ट्रक नाही, आमदाराची गाडी नाही आणि अध्यक्षाची बुलेटही नाही.

तिसरं कारण वीज. आकडा टाकून वीज घेऊ नका, तात्पुरतं कनेक्शन घ्या. तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवल्याशिवाय मंचावर करंट सोडू नका, गळती झाली की तो क्षणात पुरवठा तोडतो. ट्रकवर स्पीकरची भिंत आणि तिच्यावर झेंडा घेतलेला पोरगा चढवण्याआधी वरून गेलेल्या तारा बघा. कुणाला शॉक बसला, तर आधी मेन स्विच बंद करा, मगच त्याला हात लावा.

चौथं म्हणजे आवाज. यानं कुणी तिथल्या तिथे मरत नाही, म्हणून आपण हसण्यावारी नेतो. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसू शकतो. पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० ला पंधरा मिनिटं उरतात आणि १०९ ला जेमतेम दोन. स्पीकरच्या भिंतीसमोर बापाच्या खांद्यावर बसलेल्या तीन वर्षांच्या लेकराचा विचार करा. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, ती सगळ्या जगासाठी आहे. आणि एक साधी गोष्ट. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांपर्यंत आपल्या गाण्याची ताकद शब्दांत होती. बेसच्या दणक्यात शब्दच ऐकू येत नसतील, तर ते भीमगीत राहतं का?

संडास कुणाच्या हिशोबात नाही?

आपल्या कार्यक्रमात निम्म्याहून जास्त बाया असतात आणि समितीत त्या बहुधा नसतात. म्हणून संडासाचा विषय निघत नाही. संडास नाही, हे माहीत असल्यानं बाई दुपारपासून पाणीच पीत नाही. मग ती भोवळ येऊन पडते आणि आपण म्हणतो, उन्हानं पडली. उन्हानं नाही, आपल्या बैठकीत ती नव्हती म्हणून पडली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मैदान साफ कोण करतं? पत्रावळ्या, फुटक्या बाटल्या, घाण हातानं उचलणारा माणूस आपल्याच समाजाचा असतो, त्याच्या हातात मोजेही नसतात. जातीनं लादलेलं काम जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आपणच आपल्या भावाच्या माथी मारायचं का? फिरते संडास भाड्यानं घ्या, कचऱ्याचे डबे ठेवा आणि सकाळी सात वाजता अध्यक्षापासून सगळ्यांनी मैदानावर झाडू घेऊन या. सफाई कामगार बोलावलात, तर मोजे, बूट आणि पूर्ण मजुरी देऊन बोलवा.

थांबवण्याचा अधिकार कुणाचा?

अमेरिकेत ह्यूस्टनला ५ नोव्हेंबर २०२१ ला अॅस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात दहा जण चेंगरून गेले. सगळ्यात लहान नऊ वर्षांचा होता. यंत्रणेनं मोठी दुर्घटना जाहीर केल्यानंतरही अर्ध्या तासापर्यंत गाणं चालूच राहिलं. आयोजकांच्या आराखड्यात कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार फक्त दोघांना होता. पैसा, कॅमेरे, सुरक्षारक्षक सगळं होतं. "बंद करा" म्हणणारा माणूस जागेवर नव्हता.

आमच्या मैदानावर तरी दुसरं काय झालं? आजी पडली आणि सत्कार चालू राहिला. म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फुकटात होते. प्रत्येक कार्यक्रमात एक माणूस नेमा, शक्यतो वस्तीतली नर्स, आशाताई किंवा जाणती कार्यकर्ती. तिनं हात वर केला की गाणं थांबेल, सत्कार थांबेल, मंत्र्याचं भाषणही थांबेल. हे आधी ठराव करून गायकाला, साउंडवाल्याला आणि निवेदकाला सांगून ठेवा. समता सैनिक दलाची शिस्त आपल्या रक्तात आहे. वीस पोरं-पोरी एका रविवारी बसवा, प्रथमोपचार शिकवा, वाटा दाखवा, कोण कुठे उभं राहील ते ठरवा.

पैसे नाहीत, असं सांगू नका. आम्ही गेल्या वर्षी स्पीकरची एक थर भिंत कमी केली. त्या पैशात पाण्याचे टँकर, चार फिरते संडास आणि दिवसभराची अॅम्ब्युलन्स आली. गर्दी कमी झाली नाही. ती आजी याही वर्षी आली होती, कनातीखाली बसली होती आणि शेवटच्या गाण्यापर्यंत बसली.

यंदाच्या बैठकीत वर्गणीच्या पावत्या फाडण्याआधी हा विषय पहिला घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला माणूस म्हणून उभं केलं. त्यांच्या नावानं बोलावलेला प्रत्येक माणूस जसा आला तसा घरी पोचला पाहिजे.

जय भीम!