नातवाला दुभाष्या करू नका

छातीत धडधड, पोटाच्या वरच्या भागात गोळा अडकल्याची भावना, अंगातून निघणाऱ्या वाफा, उडालेली झोप. कोरियन माणसे या दुखण्याला 'ह्वाब्योंग' म्हणतात. ह्वा म्हणजे आग, ब्योंग म्हणजे आजार. वर्षानुवर्षे गिळलेला राग असा बाहेर पडतो, अशी त्यांची समजूत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ च्या आपल्या निदानग्रंथाच्या परिशिष्टात त्याची नोंद केली. आता लॉस एंजेलिसच्या दवाखान्यात एखादी कोरियन आजी हे सारे सांगते आणि दहा वर्षांचा नातू त्याचे इंग्रजी करतो. तो काय सांगणार? 'हिच्या पोटात दुखतं.' मग पित्ताची गोळी मिळते.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडली आणि हजारो कोरियन कुटुंबे तिकडे गेली. नागरिकत्व मिळाल्यावर मुलांनी आईवडिलांना बोलावून घेतले. कित्येक घरांत मुलगा-सून दिवसभर दुकानात किंवा लॉण्ड्रीत, आणि नातवंडे आजीकडे. पोरांचे पहिले बोल कोरियन असत. शाळा सुरू झाली की इंग्रजी. पुढे आजी-नातवात 'जेवलास का' एवढेच बोलणे उरते.

माझे स्पष्ट मत आहे, की नातवाला दुभाष्या करू नये. लघवीची तक्रार, सुनेचा सल, जगणे नकोसे झाल्याची भावना, यांतले एकही आजी त्याच्यासमोर बोलणार नाही. आणि बोललीच, तर ते ओझे पोराने का वाहावे? सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी तातडीचा प्रसंग सोडता अल्पवयीन मुलांकडून हे काम करून घेऊ नये, असा अमेरिकेत २०१६ साली नियमही झाला. पण घरच्यांना नातूच सोयीचा वाटतो!

नातवाने कोरियन जरूर शिकावे, पण ते आजीशी गप्पा मारायला. १९५० च्या युद्धात घर कसे सुटले, ते विचारावे. बाळंतिणीला देतात ते समुद्री शेवाळाचे 'मियोक-गुक' सूप (आपल्या डिंकाच्या लाडवांच्या जागी म्हणा ना!) कसे करतात, ते शिकावे. वाढदिवसालाही तेच पितात.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेस निघालेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांनी आपले आजार आणि औषधे इंग्रजीत लिहून सोबत ठेवावीत. डॉक्टरांची वेळ घेतानाच मराठी दुभाष्या मागावा. वर सांगितलेल्या दवाखान्यांत त्याचे पैसे पडत नाहीत.