भरतीला कोण जातं?

यंदाच्या अंकातला विशेष विभाग सैन्यभरतीवर करायचं ठरलं, तेव्हा संपादक मंडळातूनच पहिला सूर निघाला की दिवाळीत हा विषय जड होईल. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडणाऱ्याला कथा हवी, कविता हव्यात, एखादं खुसखुशीत प्रवासवर्णन हवं. ते सगळं या अंकात आहेच. पण सीमेवरच्या जवानांना फराळ पाठवायची पद्धत आता आपल्या शहरांत चांगलीच रुजली आहे. सोसायटीत डबे गोळा होतात, मुलं शुभेच्छापत्रं रंगवतात, फोटो निघतात. हा फराळ ज्यांच्या हाती पडतो ते जवान येतात कुठून, हे विचारायला दिवाळीसारखा मुहूर्त नाही, असं म्हणून आम्ही विरोध मोडून काढला.

ते येतात माण-खटावमधून, जत-आटपाडीतून, चंदगड-गडहिंग्लजमधून, बीड-बुलढाण्यातून. कुठे पाणी नाही. कुठे पाणी आहे, पण वाटण्या होऊन होऊन जमीन गुंठ्यांवर आलेली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि इंग्रजांनी तिथे त्यांचं स्मारक उभारलं. अशा गावांबद्दल लिहिताना आमच्यासारख्यांची लेखणी लगेच भरून येते. मातीचा गुण, रक्तातलं शौर्य वगैरे. त्यात एक सोयही असते. शौर्य त्यांच्या रक्तातच आहे असं एकदा ठरवलं, की बाकीच्या गावांची आणि सगळ्या शहरांची आपोआप सुटका होते.

रक्ताबिक्ताचं सोडून रस्त्यावर या. तालुक्याच्या कोणत्याही गावाबाहेर पहाटे साडेचार-पाचला पोरं पळताना दिसतात. डांबरावर चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात, एकाच्या हातात मोबाइलचं घड्याळ, बाकीचे अंधारात. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर ६० गुण. त्यापुढे एक सेकंद गेला की ४८. मग बीम: दहा पुलअप्सना ४०, नऊला ३३, आठला २७, असं उतरत उतरत सहाला १६. नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा, नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालायचं. महाराष्ट्रातल्या मुलाला उंची हवी १६८ सेंटिमीटर. ती एका सेंटिमीटरने हुकलेले कितीतरी जण गावोगाव भेटतात आणि सकाळी मोजली तर उंची जास्त भरते, हे ते गंभीरपणे सांगतात. ‘ग्राउंड निघालं, मेडिकलला उडालो’ हे वाक्य तर या रस्त्यांवर रोजचं. गुडघे टेकतात, तळवा सपाट आहे, रंग ओळखता येत नाहीत. कानात मळ सापडला तरी अडकतं, म्हणून कान साफ करून या, अशी सूचना भरतीच्या जाहिरातीतच असते. कागदांच्या जाडजूड फायलीत सरपंचांचा एक दाखला लागतो: अर्जदार अविवाहित आहे.

हीच पोरं पोलीस भरतीलाही पळतात. २०२४ मध्ये राज्यात पोलिसांच्या सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. रस्ता तोच, अंतर तेच, सोबत गोळाफेक वाढते. जे आधी निघेल ते. यावर शहरी मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो: मग हे देशासाठी जातात की पोटासाठी? आम्हाला हा प्रश्नच उर्मट वाटतो. कलेक्टर झालेल्याच्या मुलाखतीत ‘समाजसेवेची तळमळ’ असा मथळा येतो, त्याचा पगार आणि बंगला कुणी काढत नाही. पोट आणि देश यांतलं एक निवडून दाखवण्याची सक्ती फक्त शिपायाच्या पोरावर का?

महाराष्ट्राच्या इतिहासात तर या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘लढाऊ जमातीं’चं खूळ इंग्रजी सेनापतींच्या डोक्यात शिरलं आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. दापोलीत राहणाऱ्या गोपाळबाबा वलंगकरांनी, ते स्वतः निवृत्त सैनिक, याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी लावून धरली. १९१७ मध्ये, महायुद्धात माणसं कमी पडल्यावर, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि काही वर्षांतच ती मोडलीही. अखेर दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे सुभेदार रामजींच्या चिरंजीवांचा, डॉ. आंबेडकरांचा, पाठपुरावा होता. या अर्जांमध्ये पगार होता, पेन्शन होतं, पलटणीच्या शाळेत मुलांना मिळणारं शिक्षण होतं, आणि बंदूक खांद्यावर घेऊन चालण्याचा मानही होता. तो लढा भरती होऊ देण्यासाठी होता. सैन्यात जायला कोण तयार आहे, एवढंच विचारून भागत नाही. कोणाला, कोणत्या दाराने आणि कोणत्या अटीवर आत घेतात, हेही विचारावं लागतं.

‘देशासाठी लढाल का?’ असं जगभर विचारून पाहण्याची हौस काही संस्थांना असते. २०१५ च्या अशाच एका मोठ्या पाहणीत भारतात ७५ टक्के लोक हो म्हणाले, फिनलंडमध्ये ७४ टक्के, जपानमध्ये अवघे ११ टक्के. जपानचं उत्तर निदान प्रामाणिक निघालं. २०२३-२४ मध्ये तिथल्या स्वसंरक्षण दलाला ठरवलेल्या संख्येच्या जेमतेम निम्मी माणसं मिळाली. फिनलंडमध्ये पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. तिथल्या ‘हो’मागे मंत्र्याचा मुलगा आणि सुताराचा मुलगा एकाच बराकीत झोपण्याची व्यवस्था आहे. अमेरिकेत सक्ती १९७३ मध्येच संपली. २०२२ मध्ये तिथल्या लष्कराचं ६० हजारांचं उद्दिष्ट पंधरा हजारांनी हुकलं. त्याच वर्षी त्यांनी भरती होणाऱ्याला पन्नास हजार डॉलरपर्यंत बोनस देऊ केला होता, आणि वजनात किंवा लेखी परीक्षेत मागे पडलेल्यांसाठी खास तयारीचा वर्गही काढला. इतक्या श्रीमंत देशाला शेवटी उमेदवाराचं वजन उतरवून घ्यावं लागलं, हे आपल्या चुन्याच्या रेघांवर पळणाऱ्या पोरांना सांगितलं तर ती हसतील.

आपल्या ७५ टक्क्यांचं काय? आपल्याकडे शिपायाच्या जागेला रांग आहे आणि अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी आहे. मार्च २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात आलेले आकडे पाहा: लष्करात अधिकाऱ्यांची मंजूर पदं पन्नास हजारांवर, भरलेली बेचाळीस हजारांच्या आसपास. सहातली एक जागा मोकळी. कोविडच्या दोन वर्षांत भरती बंद ठेवल्याने जवानांच्याही नव्वद हजारांवर जागा तुटीत आहेत, पण ती तूट सरकारने घातलेली आहे. माणसं दाराशी उभीच होती. अधिकाऱ्यांची गोष्ट निराळी. निवड मंडळाची गाळणी बारीक आहे हे खरं. पण ज्या घरांत इंग्रजी आहे, शिकवणीला पैसे आहेत, पाच दिवसांच्या मुलाखतीत गटासमोर उभं राहून बोलायची सवय आहे, त्या घरांतली मुलं तिकडे फिरकत नाहीत. त्यांचा रस्ता हिंजवडीला जातो, तिथून पुढे टेक्सासला. त्याबद्दल त्यांना दोष द्यायचं आमच्या मनात नाही. फक्त त्या ७५ टक्क्यांत त्यांचेही आईबाप आहेत आणि वृत्तवाहिनीपुढे बसून युद्धाची सगळ्यात घाई त्यांनाच झालेली असते, एवढं नोंदवून ठेवतो.

हा दोष जुना आहे, आणि तो दूर करायचा प्रयत्नही याच राज्यात झाला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९६१ मध्ये साताऱ्याला देशातली पहिली सैनिक शाळा निघाली. साध्या घरातल्या मुलाला खडकवासल्याच्या प्रबोधिनीपर्यंत पोचवायचं, हा तिचा उद्देश. १९७७ मध्ये राज्य सरकारने औरंगाबादला सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली, तीही याचसाठी. या दोन्ही ठिकाणांहून चांगले अधिकारी निघाले. पण जागा मोजक्या, आणि प्रबोधिनीची प्रश्नपत्रिका आजही इंग्रजी आणि हिंदीतच. खडकवासला आपल्या पुण्यात, धरणावर कणसं खायला आपण सगळे जातो. प्रबोधिनीत आपली मुलं किती, हा विषय दर दोन-चार वर्षांनी विधिमंडळाच्या एखाद्या भाषणात निघतो आणि विरतो. मुलींनी मात्र दार उघडताच पाऊल टाकलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये त्या प्रबोधिनीत दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या सतरा जणी संचलन करून बाहेर पडल्या. आता नाशिकला मुलींसाठीही पूर्वशिक्षण संस्था सुरू झाली आहे.

आता अग्निपथ. १४ जून २०२२ रोजी ही योजना जाहीर झाली आणि शिपाई व सरकार यांच्यातला करारच बदलला. चार वर्षांची नोकरी. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार निधीत कापले जाऊन हातात एकवीस. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होणार, बाकीचे घरी. सैन्याचं सरासरी वय खाली आणायचं आणि पेन्शनचा भार हलका करायचा, ही दोन्ही कारणं खोटी नाहीत, आणि त्यावर नाक मुरडणाऱ्यांकडे दुसरा हिशेबही नसतो. पण २०२०-२१ च्या मेळाव्यांत ग्राउंड आणि मेडिकल काढून लेखीची वाट पाहत दोन वर्षं बसलेल्या मुलांची ती भरतीच रद्द झाली. त्यांना पुन्हा पहिल्या रेघेवर उभं केलं, तेव्हा बिहारमध्ये रेल्वेगाड्या जळल्या. आपल्याकडे तुलनेने शांतता होती. आपली पोरं मुकाट्याने पोलीस भरतीच्या मैदानावर गेली. नेपाळने तर आपल्या गुरख्यांना या अटींवर पाठवायलाच नकार दिला. १९४७ पासून चालत आलेली भरती २०२२ पासून थांबली आहे. गुरख्याचं शौर्य रातोरात आटलं, असं कुणी म्हणेल का?

अटींचा परिणाम पार सोयरिकीपर्यंत पोचतो. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळेना अशा आजच्या गावांत ‘पोरगा मिलिटरीत आहे’ हे बोलणं पुढे नेणारं वाक्य होतं. अग्निवीराला चार वर्षं लग्नच करता येत नाही आणि नंतर मुलीकडचे विचारतात, ‘कायम झाला का?’ ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनच्या बर्फात बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर कर्तव्यावर असताना गेला. विमा, सानुग्रह रक्कम, उरलेला पगार असं सगळं मिळून कुटुंबाला कोटीच्या पुढे रक्कम देय आहे, असं तेव्हा जाहीर झालं. रक्कम लहान नाही. पण त्याच चौकीतल्या जुन्या भरतीच्या जवानाच्या घरी अशा वेळी जे निवृत्तिवेतन सुरू होतं, ते या घरी होत नाही. बर्फ दोघांना सारखाच. हा भेद ज्याने कागदावर लिहिला, त्याने तो त्या दोघांना एकत्र बसवून एकदा समजावून सांगावा, असं आम्हाला वाटतं.

पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस प्रशिक्षणाला गेल्या. म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून चारातले तीन या हिशेबाने मुलं गावी परतू लागतील. वय एकवीस ते सत्तावीस, शरीर कसलेलं, खात्यात अकरा लाख, पुढे अख्खं आयुष्य. केंद्राच्या सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी जागा राखीव आहेत, काही राज्यांनीही आश्वासनं दिली आहेत. ती किती पाळली जातात ते कळेलच. पण मूळ अटींप्रमाणे या मुलांना ‘माजी सैनिक’ हा दर्जाच नाही. आपल्या राज्यात २०२० पासून ग्रामपंचायत हद्दीत माजी सैनिकाला घरपट्टी माफ आहे. लडाखमध्ये चार हिवाळे काढून आलेला मुलगा ग्रामपंचायतीत गेला, तर आजच्या नियमाने त्याची पावती फाडली जाईल. घरपट्टीची माफी अग्निवीरांना लागू करायला दिल्लीकडे बघावं लागत नाही, मंत्रालयातून एक शासन निर्णय पुरतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदवहीत या मुलांची नावं घ्यायची की नाही, हेही राज्याने आत्ताच ठरवावं. पहिला मुलगा खिडकीशी येऊन उभा राहिल्यावर फाइल हलवायला सुरुवात झाली, तर ती किती वर्षांनी परत येते, हे या अंकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.