अपुरी कादंबरी सोडायची कधी?



सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "बाई, मी उन्हाळ्याच्या सुटीत कादंबरी लिहायला घेतली. २०० पानी वहीची ४२ पानं झाली. गढीतल्या भुयाराची गोष्ट आहे. मुलं भुयारात शिरली आणि अडकली. त्यांच्याबरोबर मीही अडकले! आता वही उघडावीशी वाटत नाही. पण सोडून दिली तर घरी म्हणतील, हिची नेहमीचीच धरसोड. काय करू?"

प्रश्न मोठा छान आहे. कादंबरीला महिनेच्या महिने लागतात, आणि मोठमोठे लेखकसुद्धा मध्येच अडकतात. पण अडकण्याचे प्रकार निरनिराळे असतात. आपला कोणता, ते आधी ओळखायला हवं.

पहिला प्रकार म्हणजे पाणी आटणं. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?' ही म्हण तुम्ही ऐकलीच असेल. अमेरिकेचे लेखक मार्क ट्वेन 'टॉम सॉयर' लिहीत होते. हस्तलिखिताच्या ४०० व्या पानाजवळ गोष्ट एकदम थांबली. पुढचं काही सुचेचना! त्यांनी कागद कपाटात ठेवून दिले. २ वर्षांनी काढून वाचले, तर गोष्ट पुन्हा वाहू लागली. टाकी रिकामी झाली होती, ती आपोआप भरली, असं ते म्हणत. त्यांच्या 'हकलबरी फिन'चंही तसंच झालं. १८७६ मध्ये सुरू केलेलं हे पुस्तक १८८३ मध्ये पुरं झालं. आमच्या नगर जिल्ह्यात चैत्र-वैशाखात कितीतरी विहिरी कोरड्या पडतात. म्हणून काय कुणी विहीर बुजवतं? पावसाळ्याची वाट बघतात.

दुसरा प्रकार वेगळा. गोष्ट तिथंच राहते आणि आपण पुढे निघून जातो. याचं उदाहरण आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यातलं आहे. ती कादंबरी नव्हती, पण अपुरं पुस्तक होतं. पंडित नेहरूंनी डेहराडूनच्या तुरुंगात आपल्या आत्मचरित्राचा पुढचा भाग लिहायला घेतला होता. ४ डिसेंबर १९४१ ला त्यांची सुटका झाली आणि लेखन अर्धवट राहिलं. पुढे ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'च्या वेळी त्यांना पकडून नगरच्या किल्ल्यात आणलं. आता वेळच वेळ होता. पण जुनं लेखन त्यांनी पुढे नेलं नाही. काळ बदलला होता, त्यातले प्रश्न मागे पडले होते. ते छापलं गेलं नाही हे बरंच झालं, असं त्यांनीच सांगितलंय.

मग ते काय करत होते? किल्ल्यात बागेसाठी जमीन खणत होते! सगळी दगडगोट्यांची जमीन. खणताना जुन्या भिंती लागायच्या, इमारतींचे गाडलेले घुमट लागायचे. एकदा तर भिंतीवर कोरलेलं सुरेख कमळ सापडलं. दीड वर्षाहून जास्त काळ असा गेला. मग एप्रिल १९४४ मध्ये त्यांनी लेखणी उचलली आणि सप्टेंबरपर्यंत हातानं हजार पानं लिहून काढली. तेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया', म्हणजे 'भारताचा शोध'. बघा, त्यांनी एक पुस्तक सोडलं, लिहिणं सोडलं नाही.

तिसरा प्रकार नुसत्या थकव्याचा. काम आवडीचं असतं, पण डोंगराएवढं वाटतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या आयुष्याची बरीच वर्षं नगर-राहुरीत गेली. येशूच्या जीवनावरचं 'ख्रिस्तायन' हे टिळकांचं मोठं काव्य. पहिले दहा-अकरा अध्याय झाले होते, आणि १९१९ मध्ये टिळक वारले. लक्ष्मीबाईंना लग्नाच्या वेळी लिहिता-वाचताही येत नव्हतं. पण त्यांनी ते काम हाती घेतलं आणि साठाहून जास्त अध्याय स्वतः रचून काव्य पुरं केलं. त्यांना ते मनापासून पुरं व्हायला हवं होतं. असं काम थकलो म्हणून सोडायचं नसतं. दम खायचा आणि पुन्हा चालायला लागायचं.

तेव्हा मैत्रिणी, तू आता असं कर. वहीवर आजची तारीख घाल आणि ती महिनाभर पेटीत ठेवून दे. महिन्यानं सगळी ४२ पानं एका बैठकीत वाच. मग धाकट्या भावंडाला गोष्ट तोंडी सांग. "पुढे काय झालं, ताई?" असं त्यानं विचारलं आणि तुझ्या तोंडून काहीतरी पटकन निघालं, तर विहिरीला पाणी आलं म्हणायचं. नाहीच आलं, तर अधलंमधलं सोडून एकदम शेवटचा प्रसंग लिहून बघ. मुलं भुयारातून बाहेर कशी आली, ते कळलं की मागची वाट कधीकधी सापडते.

एवढं करूनही त्या मुलांचं पुढे काय होईल याची तुलाच उत्सुकता वाटली नाही, तर खुशाल सोड. '४२ पानं वाया जातील' एवढ्याच कारणासाठी पुढची १५८ पानं ओढूनताणून भरू नकोस. खणता खणता काळा खडक लागला, तर शेतकरीदादाही जागा बदलतो. पहिल्या खड्ड्याला किती घाम गाळला, ते मोजत बसत नाही.

सोडताना दोन गोष्टी मात्र कर. का सोडली, ते शेवटच्या पानावर दोन ओळींत लिही. आणि वही रद्दीत घालू नकोस. त्यातली गढी, एखादं पात्र, एखादा संवाद पुढच्या गोष्टीत उपयोगी पडतो.

आता चार शब्द आई-बाबांसाठी. मुलानं ४२ पानं लिहिली, म्हणजे ४२ पानं तो एकटा बसून विचार करत होता. त्याला 'धरसोड' म्हणण्याआधी वही मागून घ्या आणि वाचा. "कधी संपवणार?" असं रोज विचारू नका. "पुढे काय होतं रे?" असं एकदा विचारा. आणि त्यानं ती सोडलीच, तर नवी वही आणून द्या.

मुलांनो, तुमच्याकडेही असतीलच की अपुऱ्या गोष्टी! कुठल्या प्रसंगाशी अडकलात आणि का, ते पोस्टकार्डावर मला कळवा.

तुमची,
बाई