मिरगी आणि मंगनी

आपल्या घरांत शुगरची गोळी दस्तरखानावरच ठेवलेली असते. अब्बा जेवायला बसले की सून विचारते, "गोळी घेतली का?" बीपीची गोळी तर नातवंडेसुद्धा आणून देतात. मिरगीची गोळी मात्र अलमारीत, कपड्यांच्या घडीखाली असते. पाकिटावरचे नाव कुणी वाचू नये म्हणून ती दुसऱ्याच डबीत काढून ठेवलेली असते. पाहुणे आले की त्या दिवशी ती उशिरा घेतली जाते, कधी राहूनच जाते. दोन्ही आजार वर्षानुवर्षे चालणारे, दोन्हींची गोळी रोज घ्यायची. मग एक उघड आणि दुसरा गुपित, असे का? या वेळी त्याविषयी बोलू या.

कुणी मिरगी म्हणते, कुणी फेफरे, कुणी आकडी, तर कुणी नुसतेच "झटके येतात" म्हणून थांबते. आपल्या मेंदूचे काम अगदी सूक्ष्म विजेच्या संदेशांवर चालते. त्या संदेशांचा काही क्षण गोंधळ उडाला की झटका येतो. काही जण खाली पडतात, हातपाय ताठ होतात, तोंडाला फेस येतो. काही मुलांना मात्र असे काहीच होत नाही. ती चार-पाच सेकंद शून्यात पाहत राहतात आणि पुन्हा भानावर येतात. वर्गात अशा मुलाला "लक्ष कुठे आहे?" म्हणून ओरडा बसतो. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, उष्ट्या पाण्यानेही पसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना मिरगी आहे. वेळेवर निदान होऊन योग्य औषध मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात, असेही ही संघटना सांगते. आणि यांतली बरीचशी औषधे जुनी व स्वस्त आहेत.

म्हणजे दहांतल्या सात जणांपर्यंत गोळीने भागू शकते. तरीही या आजाराने मुलींची शाळा सुटते, रिश्ते तुटतात. हे मेंदूतल्या विजेमुळे होत नाही.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी यासाठी एक उपयोगी फरक सांगितला. आपल्या भाषेत मांडायचा तर तो रोग आणि आजारपण यांतला फरक आहे. रोग म्हणजे डॉक्टरला तपासणीत सापडतो तो बिघाड. आजारपण म्हणजे त्या बिघाडासह जगताना माणसाच्या आणि त्याच्या घराच्या वाट्याला येते ते सारे: भीती, खर्च, शेजाऱ्यांच्या नजरा, लग्नाची काळजी. क्लाइनमन आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी चीनच्या शान्शी आणि निंग्शिया या प्रांतांत मिरगी असलेल्या लोकांचा अभ्यास केला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. निंग्शिया हा हुई मुसलमानांचा स्वायत्त प्रांत आहे. आजाराची वाट शरीरात जशी चालते तशीच ती समाजातही चालते, असे त्यांनी दाखवले. झटका एकाला येतो, पण बदनामी, कर्ज आणि लग्नाची अडचण सगळ्या घराला येते. हे वाचताना चीन दूर वाटत नाही. आपल्याच मोहल्ल्याची गोष्ट वाटते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत आठवीच्या एका मुलीला वर्गात झटका आला. मुली घाबरून भिंतीला चिकटल्या. कुणी कांदा आणायला धावली, कुणी चप्पल काढली, कुणी लोखंडाची किल्ली तिच्या मुठीत कोंबू लागली. आम्ही तिला कुशीवर वळवले, डोक्याखाली दप्तर ठेवले, बाक बाजूला सरकवले. दीड-दोन मिनिटांत झटका थांबला. अर्ध्या तासाने अम्मी धावत आली. मुलीला मिठीत घेतल्यावर तिचे पहिले वाक्य होते, "टीचर, किसी को बोलना मत, इसकी बहन का रिश्ता चल रहा है।"

त्या आईला निर्दयी म्हणणे सोपे आहे. ती निर्दयी नव्हती. आपला समाज काय करतो हे तिला पक्के ठाऊक होते. धाकटीला मिरगी आहे असे कळले की थोरलीचे स्थळ परत जाते, हे तिने पाहिले असणार. म्हणून अशा घरांत ठरलेला क्रम चालतो. आधी शाळा बंद. मग शादीब्याहाला नेणे बंद. मग घरातच, पण पाहुण्यांसमोर येणे बंद. मुलगी आजारी असते महिन्यातून दोन मिनिटे, पण तिला आजारी ठेवले जाते महिनाभर.

ती मुलगी पुढे शाळेत आली, कारण दुसऱ्याच दिवशी आम्ही वर्गाला काय करायचे ते शिकवले. घरोघरी हे माहीत असायला हवे, म्हणून इथे सांगते. झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवा. गळ्याजवळचा दुपट्टा, बटण सैल करा. आजूबाजूच्या टोकदार वस्तू आणि विस्तव दूर करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. चप्पल हुंगवू नका. त्याचा काही उपयोग नाही, फक्त अपमान होतो. घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला तर ताबडतोब दवाखाना गाठा. झटका थांबल्यावर जवळ बसा, आणि गर्दी हटवा. गर्दी हटवणे हीसुद्धा मदतच आहे.

आता मंगनीकडे येऊ. बहुतेक घरांत सल्ला मिळतो, "आत्ता सांगू नका, निकाहनंतर सगळे ठीक होते." निकाहनंतर काय होते ते पाहा. हळद, मेहंदी, पाहुणे यांत मुलीची झोप आठ-दहा दिवस मोडलेली असते. अपुरी झोप हे झटक्याचे मोठे कारण आहे. सासरी गोळी लपवावी लागते, म्हणून चुकते. गोळी अचानक थांबली की झटके उसळतात, कधी इतके लागोपाठ की जिवावर बेततात. मग ज्या गोष्टीसाठी सारे लपवले ती गोष्ट सगळ्या सासरसमोर उघडी पडते. आता मात्र तिच्यासोबत दुसरा शब्दही येतो: धोका. सासरच्यांना मिरगीपेक्षा फसवणुकीचा राग जास्त असतो, आणि तो राग अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

दुसरा धोका होणाऱ्या बाळाला आहे. सोडियम व्हॅल्प्रोएट हे मिरगीचे नेहमीचे औषध गरोदरपणात बाळाला अपाय करू शकते. म्हणून डॉक्टर दिवस राहण्याआधीच औषध बदलण्याचा विचार करतात आणि फॉलिक अॅसिड सुरू करतात. ज्या सुनेची गोळीच गुपित आहे ती हे कुणाला विचारणार? एक तर ती तेच औषध घेत राहते, किंवा घाबरून सगळेच बंद करते. दोन्ही वाटा वाईट. डॉक्टरच्या सल्ल्याने चालणाऱ्या, मिरगी असलेल्या बहुतेक स्त्रियांना सुदृढ मुले होतात.

कायदाही या बाबतीत हळूहळू शहाणा झाला. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांत मिरगी हा लग्नाच्या आड येणारा मुद्दा होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यातील कारणांच्या यादीत मिरगी कधीच नव्हती. म्हणजे कायद्याच्या पुस्तकातून मिरगी गेली, पण खालाजान आणि फुफीजानच्या यादीत ती अजून आहे.

मग सांगायचे कसे? मंगनीची तारीख ठरण्याआधी. मध्यस्थाने नाही, मुलीच्या आईवडिलांनी. कुजबुजत नाही, सरळ शब्दांत: "मुलीला मिरगी आहे, अमुक वर्षे औषध चालू आहे, शेवटचा झटका तेव्हा आला होता. डॉक्टरांशी बोलायचे असेल तर सोबत जाऊ." काही स्थळे परत जातील. जे राहील त्या घरात गोळी लपवावी लागणार नाही. आणि हे मुलाकडच्यांनाही तितकेच लागू आहे. मुलाच्या मिरगीबद्दल आपल्याकडे विचारायचीच पद्धत नाही, त्यामुळे तिकडे लपवणे अधिक सोपे जाते.

दोन गोष्टी आपल्या घरांत खास अडतात. पहिली गोष्ट एमआरआयच्या रिपोर्टची. आपल्या देशात झटक्यांचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूत शिरलेली टेपवर्मची, म्हणजे फीतकृमीची, अळी. हा जंत डुकराशी संबंधित आहे हे कळले की घरात सन्नाटा पसरतो. "आपण तर ते खात नाही, मग हे आपल्याला कसे?" कुणी रिपोर्ट खोटा ठरवते, कुणी मुलाच्या बाहेरच्या खाण्यावर संशय घेते, आणि उपचार राहून जातो. खरे कारण साधे आहे. ज्याच्या पोटात हा जंत आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती दूषित पाणी, न धुतलेली कोथिंबीर, मुळा, गाजर किंवा अस्वच्छ हातांनी कुणाच्याही पोटात जाऊ शकतात. अळी मेंदूत जाते ती अशा अंड्यांमुळे. न्यूयॉर्कमधल्या कर्मठ ज्यू वस्तीत, जिथे डुक्कर वर्ज्यच आहे, चार जणांना हाच आजार झाल्याची नोंद १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. संसर्ग घरकाम आणि स्वयंपाक करणाऱ्यांच्या पोटातल्या जंतामुळे झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा असा रिपोर्ट आला तर त्यात कुणाच्या ईमानाचा प्रश्न नाही, हात आणि भाजी धुण्याचा आहे. त्यावर औषध आहे.

दुसरी गोष्ट "असर" झाल्याची. झटका आला की आधी आमिलकडे, मग ताविज, मग दर्ग्यावर हाजरी, आणि दोन वर्षांनी डॉक्टर. दुआ कुणी सोडा असे मी म्हणणार नाही. आजारपणात माणसाला आधार लागतो, तो दुआतून मिळतो. पण दुआ आणि दवा यांत भांडण लावायचे कारण नाही. गुजरातमध्ये उनावा इथे मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच मानसिक आजारांसाठी "दवा और दुआ" नावाचा उपक्रम चालवला गेला. तिथल्या मुजावरांना आजार ओळखायला शिकवले गेले, आणि येणाऱ्याला दुआ दिल्यावर तेच डॉक्टरकडे पाठवू लागले. आपल्या आमिलसाहेबांना एवढे विचारायला हरकत नाही: "ताविज बांधतो, पण गोळीही चालू ठेवू ना?" जो "गोळी बंद करा" म्हणेल त्याच्यापासून दूर राहा.

रमजानचेही असेच. सहरी-तरावीहमुळे झोप तुटते आणि गोळीची वेळ बदलते. काही औषधे इफ्तार आणि सहरीच्या वेळी बसवता येतात, काही येत नाहीत. हे शाबानमध्येच डॉक्टरना विचारा. आजारी माणसाला रोजातून सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेणाऱ्या सुनेकडे घरातल्यांनी तिरक्या नजरेने पाहू नये.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एका काळ्यासावळ्या स्त्रीची हकिकत आली आहे. हजरत इब्ने अब्बास (र.) यांनी ती आपले शागिर्द अता इब्ने अबी रबाह यांना सांगितली. या स्त्रीला झटके येत. ती प्रेषित (स.) यांच्याकडे आली आणि दुआ मागितली. तिला दोन पर्याय मिळाले: सबर केला तर जन्नत, किंवा बरे होण्यासाठी दुआ. तिने सबर निवडला. पण तिची एक तक्रार होती. झटक्यात तिच्या अंगावरचे कपडे सरकत, ती उघडी पडे. तेवढे होऊ नये, अशी तिने विनंती केली, आणि प्रेषितांनी (स.) त्यासाठी दुआ केली.

तिला झटक्यांपेक्षा लोकांसमोर उघडे पडणे जास्त सलत होते, आणि ते दुःख लहान आहे असे तिला कुणी सांगितले नाही. ती प्रेषितांकडे (स.) चालत आली, स्वतः बोलली, स्वतः निवड केली. लोक तिला ओळखत होते. तिला घरात कोंडून ठेवलेले नव्हते. ज्यांना ही हकिकत सांगितली गेली ते अता यांना चरित्रकार एका डोळ्याने अंध आणि पायाने अधू म्हणतात. पुढे ते मक्केचे मुफ्ती झाले.

झटका आलेल्या मुलीच्या अंगावर दुपट्टा टाकणे, गर्दी हटवणे, तिची चेष्टा होऊ न देणे ही पडदापोशी आहे. तिची गोळी लपवणे, शाळा सोडवणे, निकाहआधी गप्प बसणे ही पडदापोशी नाही. पहिल्यात माणूस झाकला जातो, दुसऱ्यात आजार, आणि झाकलेल्या आजारावर उपचार होत नाही.

सुरुवात स्थळ बघायला जाणाऱ्यांनी करावी. समोरच्या घराने धीर करून "मुलीला मिरगी आहे" असे सांगितले तर चहाचा कप खाली ठेवून उठू नका. दोनच प्रश्न विचारा: औषध कोणते चालू आहे, आणि शेवटचा झटका कधी आला? रिश्ता जुळो न जुळो, ही गोष्ट दुसऱ्या घरी नेऊ नका.