गुळगुळीत चित्र

गेल्या श्रावणात आमच्या अण्णांच्या पोटात दुखू लागले. अण्णा म्हणजे माझे वडील, वय 78. सेलूच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून यायला सांगितले, म्हणून गाडीने परभणीला जाऊन एका केंद्रात तो केला. ‘यकृत निर्दोष’ असा अहवाल मिळाला. फिल्मही कशी, तर नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी! अण्णा बेहद्द खूश. घरी आल्यावर त्यांनी ती खिडकीत धरून शेजाऱ्यांनाही दाखवली.

पण दुखणे थांबेना. तेव्हा सीडी घेऊन छत्रपती संभाजीनगरला गेलो. तिथे एक रेडिऑलॉजिस्ट आहेत. अकरावीला ते माझ्याकडे मराठी शिकले आहेत. पडद्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “सर, चित्र जरा जास्तच गुळगुळीत आहे.”

मला वाटले, कौतुकच चालले आहे!

“सर, हा फोटो नव्हे,” ते म्हणाले, “हे गणिताचं उत्तर आहे.” क्ष-किरण शरीरातून चहूबाजूंनी सोडायचे, कोणत्या दिशेने किती शोषले गेले त्याच्या नोंदी घ्यायच्या आणि त्यांवरून आत कुठे काय आहे ते संगणकाने सोडवायचे. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला, तेव्हा चित्रात 80 ओळी आणि दर ओळीत 80 चौकोन एवढाच ऐवज होता. त्याच वर्षी आपल्याकडच्या जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी हे गणित सुटसुटीत करणारी रीत प्रसिद्ध केली. जगभर तिच्यातल्या गाळणीला ‘राम-लॅक’ म्हणतात.

“म्हणजे राम-लक्ष्मणच की!” अण्णा म्हणाले.

या जुन्या धाटणीच्या चित्रात रवाळपणा असतो आणि किरण कमी केले की तो वाढतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत नव्या रीती रुळल्या. संगणक आधी अंदाजाने चित्र रचतो, ते नोंदींशी ताडतो आणि पुनःपुन्हा दुरुस्त करतो. आता तर लाखो चित्रांवर शिकवलेली यंत्रबुद्धीही हे काम करते. रवाळपणा जातो, कमी किरणांत भागते. लहान मुलांच्या दृष्टीने ही केवढी सोय! पण किरण फारच कमी केले, तर मुळात हाती आलेली माहितीच थोडी असते. यकृतातला एखादा बारीक, फिकट डाग मग रव्याबरोबर सारवला जाऊ शकतो. चाचण्यांत असे आढळले आहे की गुळगुळीत चित्र डॉक्टरांना अधिक पसंत पडते, ते अधिक खात्रीने मत देतात, पण बारीक डाग सापडण्याचे प्रमाण त्या मानाने वाढत नाही; कधी घटतेही.

आता हे दुखणे आम्हा मराठीवाल्यांच्या ओळखीचे. पोथी नकलणारा पुसट अक्षराच्या जागी आपल्या समजुतीचे सुवाच्य अक्षर घालतो. वाचणारा अडखळत नाही, म्हणून शंकाही घेत नाही. नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये पाठभेद शिरलेली ज्ञानेश्वरी शुद्ध केली. त्यांना ताडून पाहायला निदान पोथ्या तरी होत्या. आमच्याजवळ सीडी होती, पण तीत तयार चित्रेच होती. मूळ नोंदींवरून वेगळ्या रीतीने चित्र काढून द्या, असे केंद्राला विचारले, तर उत्तर आले, “त्या आठवड्यातच आपोआप पुसल्या जातात.” यंत्रात जागा किती पुरणार?

भाद्रपदात शिरेतून औषध देऊन पुन्हा स्कॅन झाला. या खेपेस चित्र रवाळ होते, आणि त्यात 9 मिलिमीटरचा एक डाग दिसला. दुखण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. ते आम्लपित्ताच्या गोळ्यांनी थांबले. अहवालात लिहिले होते, ‘बहुधा रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ. तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे.’

अण्णांना हा ‘बहुधा’ मुळीच रुचला नाही. “पहिल्या डॉक्टरला स्वच्छ दिसत होतं. तुझा हा विद्यार्थी अडखळतो,” ते म्हणाले. मी वाद घातला नाही. रात्री मात्र तो शब्द मलाही झोपू देत नाही.

यंदा फराळाला आलेल्यांनाही अण्णा ती पहिलीच फिल्म दाखवत आहेत. पुढची तपासणी मार्गशीर्षात आहे. या वेळी मूळ नोंदी महिनाभर तरी पुसू नका, असे मी केंद्राला आधीच लिहून दिले आहे.